बॉसच्या घरी टीमचं जेवण असेल तर: कोथरूडच्या काकूंचं घरगुती केटरिंग, वाढप्यांसकट

आमची कंपनी छोटी, ऑफिस बाणेरला, वीस-बावीस माणसं, आणि सरांना सगळ्यांना घरी बोलवायची मनापासून हौस आहे. वर्षाच्या प्लॅनिंगची मीटिंग त्यांच्या कोथरूडच्या घरी, मोठा प्रोजेक्ट संपला की जेवण घरी, दिवाळीनंतरचं गेट-टुगेदर घरी, तेही फॅमिलीसकट. मी अ‍ॅडमिन बघते, त्यामुळे जुळवाजुळव सगळी माझ्याकडे येते आणि केटरिंगवाले बरेच बघून झालेत. आता मात्र आम्ही एकाच ठिकाणी थांबलोय आणि त्यांच्याबद्दल नीट लिहावं असं कधीचं मनात होतं. काकूंचं नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये कारण त्या ओळखीतूनच ऑर्डर घेतात आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय, ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मेसेज करा, मी त्यांना विचारून देईन. डहाणूकर कॉलनीच्या बाजूला त्यांचं स्वयंपाकघर आहे, स्वतःच्या फ्लॅटमध्ये नाही, वेगळा गाळा घेतलाय, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, चौदा आकडी नंबर बिलावर छापलेला असतो. कंपनीच्या नावाने पक्कं बिल मिळतं हे आमच्यासारख्यांना महत्त्वाचं, घरगुतीवाले बरेच जण कागदावर आकडा लिहून देतात आणि मग अकाउंटवाल्यांपुढे मी काय ठेवायचं.

चवीवर येतेच, पण आधी वाढप्यांचं सांगते कारण माझ्या दृष्टीने पाच स्टार त्यालाच आहेत. पूर्वी सरांकडे कार्यक्रम असला की जेवण बाहेरून यायचं, म्हणजे पातेली दारात ठेवून टेंपो निघून जायचा, आणि पुढचं सगळं वहिनींवर. वहिनी स्वतः नोकरी करतात, रविवार हा त्यांचा एकच दिवस, आणि त्या दिवशी त्या सकाळपासून ओट्याशी उभ्या. वाट्या काढा, मीठ-लिंबू ठेवा, भात पुन्हा गरम करा, सगळ्यांचं झाल्यावर साडेतीनला स्वतः बसा. आणि हे एवढ्यावर थांबत नाही, थोड्या वेळाने टीममधल्या मुली आपोआप उठायच्या. कोणी सांगायचं पण नाही कधी कधी, नुसतं वहिनींची धावपळ बघून उठायच्या, आणि कधी कोणीतरी सीनियर सहज म्हणायचं की अगं जरा पोळ्या फिरवतेस का. त्याच वयाची, त्याच पगाराची मुलं मात्र सोफ्यावर ताट घेऊन सरांशी पुढच्या क्लायंटबद्दल बोलत बसलेली. म्हणजे ज्या गप्पांसाठी घरी बोलवलं, त्या गप्पांमध्ये मुली नाहीतच, त्या स्वयंपाकघरात आमटी गरम करतायत. मला हे फार खटकायचं आणि मी सरांना तसं सांगितलं, की जेवण कुठूनही मागवा पण वाढणारी माणसं पाहिजेत, त्याचे पैसे कंपनीने द्यायचे. सरांनी एका वाक्यात हो म्हटलं, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, घरातल्या पुरुषांच्या बहुतेक येत नाही.

तर या काकूंकडे जेवणाबरोबर वाढपी येतात. वीस माणसांना दोन जण, तीसच्या पुढे तीन. ताटं-वाट्या-पेले त्यांचे, स्टीलचे, घासायलाही तेच परत घेऊन जातात, आणि ओला कचरा वेगळा, सुका वेगळा बांधून सोसायटीच्या ठरलेल्या जागी ठेवून मग निघतात. वहिनींना गॅस सोडून घरातलं काही काढावं लागत नाही. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा वहिनी सवयीने आत जाऊन उभ्या राहिल्या तर काकूंनी सरळ सांगितलं, "ताई, तुम्ही बाहेर बसा, आम्हाला जागा लागते." आता वहिनी सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसतात. त्या स्वतः ऑडिटमध्ये आहेत आणि आमच्या दोन मुलींना सीएच्या परीक्षेचं कसं करायचं यावर त्यांच्याशी तासभर बोलायला मिळालं, हे या आधी कधीच झालं नसतं.

आता जेवण. साधा पुणेरी बेत घ्या, त्यातच त्यांचा हात आहे. मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, साधं वरण-भात-तूप, मठ्ठा आणि जिलबी. मसालेभात तोंडली घालून, गोडा मसाला त्यांचा घरचा, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर, आणि शितं मोकळी, गिचका नाही. वरणभाताला आंबेमोहोर वापरतात, झाकण काढलं की हॉलपर्यंत वास येतो, सरांच्या आई त्या वासानेच खोलीतून बाहेर आल्या एकदा. अळू सगळ्यात भारी. डाळ-दाणे-खोबऱ्याचे काप आणि मुळ्याच्या चकत्या, चिंच आणि गूळ बरोबर मापात. अळूत चिंच कमी पडली की घसा खवखवतो, मोठ्या ऑर्डरमध्ये घाईत हे बऱ्याच ठिकाणी होतं, यांच्याकडे कधीच नाही. आमच्यात पाटण्याचा एक मुलगा आहे, चेन्नईची एक जण आहे, दोघांनी अळू पहिल्यांदा इथेच खाल्लं आणि चेन्नईवाली दर वेळेला विचारते ते हिरवं वालं आहे का.

मठ्ठा आयत्या वेळी घुसळतात, म्हणजे ताक आणलेलं असतं पण आलं-मिरची-कोथिंबीर तिथे वाटून घालतात, त्यामुळे तो आंबत नाही.

जिलबीला मात्र मी मार्क कापणार. सकाळी तळून डब्यात भरून आणतात, वाफ धरते, दीड वाजेपर्यंत मऊ पडते. पाकाची चव चांगली आहे पण जिलबी कुरकुरीत नसेल तर मठ्ठ्याबरोबर मजा नाही. पुऱ्यांचं तसंच होत होतं, मग आम्ही विचारलं आणि आता पुऱ्या सरांच्या ओट्यावर गरम तळतात, गोल टम्म फुगलेल्या पानात येतात, फक्त त्यासाठी एक जास्तीचा माणूस आणि त्याचे वेगळे पैसे. जिलबीचं जागेवर करायला त्या तयार नाहीत, फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तेवढी कढई आणि पाक सांभाळणं धोक्याचं आहे म्हणतात आणि ते मला पटतं. त्याऐवजी आम्ही आता श्रीखंड किंवा उन्हाळ्यात आमरस घेतो, जानेवारीत भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी सांगितली होती, दोन बायका येऊन जागेवर भाकऱ्या थापत होत्या, वर लोण्याचा गोळा. सगळ्यात हिट तोच बेत झाला. पुरणपोळी चांगली असते पण चार दिवस आधी सांगावं लागतं. आणि पनीर मागू नका. कोणीतरी हट्ट केला म्हणून एकदा पनीरची भाजी घेतली, ती शेंगदाण्याच्या कुटाची आमटी आणि त्यात पनीरचे तुकडे अशी होती. त्यांचा प्रांतच नाही तो. नॉनव्हेज करत नाहीत, सरांकडे चालतही नाही, त्यामुळे आमचा प्रश्न नव्हता पण तुमचा असेल तर आधी बघा.

एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे, ऑर्डर घेताना काकू आधी किती माणसं हे विचारत नाहीत, कोणाला काय चालत नाही हे विचारतात. आमच्याकडे एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, खरी अ‍ॅलर्जी, ओठ सुजतात आणि श्वास लागतो. आता आपल्या जेवणात दाण्याचं कूट कशात नसतं सांगा, कोशिंबिरीत आहे, अळूत आहे, कधी कधी सुक्या भाजीत पण. आधीचे केटरर "त्यांना वरणभात वाढू" म्हणून मोकळे व्हायचे. काकूंनी मला उलटं विचारलं, की तेलाचं काय, मी तळणी शेंगदाणा तेलात करते, त्याला ते चालेल का. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी सगळा स्वयंपाक सूर्यफुलाच्या तेलात केला, कोशिंबीर सगळ्यांनाच ओल्या खोबऱ्याची, आणि अळूत दाणे न घालता नुसती डाळ. म्हणजे त्याला कोपऱ्यात वेगळं ताट असं काही नाही, सगळ्यांच्या पानात तेच. मला हे फार आवडलं. बॉसच्या घरी माणूस आधीच अवघडून बसलेला असतो, त्यात आणि माझ्यामुळे यांना त्रास झाला असं वाटायला नको.

तसंच जैन मेंबरचं. कांदा-लसूण-बटाटा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण चातुर्मासात बरेच जण पालेभाजी पण खात नाहीत हे काकूंना माहीत होतं, म्हणजे अळू बाद, त्याच्यासाठी दुधी चणाडाळ केली होती. आणि तो सूर्यास्ताच्या आत जेवतो. संध्याकाळचा कार्यक्रम होता, जेवण आठला ठरलेलं, तर वाढप्यांनी त्याला सहालाच गरम पान वाढलं, आणि सर त्याच्याबरोबर नुसता चहा घेऊन बसले. असं कोणी केलं की माणूस ती कंपनी सोडताना दोनदा विचार करतो, माझं तरी असं मत आहे.

मीटिंगच्या दिवसाचा वेगळा अनुभव सांगते कारण ती सर्व्हिस फार लोकांना माहीत नाही. सकाळी दहा ते दीड हॉलमध्ये प्लॅनिंग असतं, टीव्हीला लॅपटॉप जोडून आकडे वगैरे. काकूंची माणसं साडेनऊला येतात, पोहे किंवा साबुदाणा वडा आणि चहा. मग अकराला थर्मास आणि कप कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवून गायब. कोणी मध्ये येऊन "चहा घेणार का, साखर किती" असं विचारत नाही. हे ऐकायला छोटं वाटेल पण ज्यांनी बजेटवर बोलताना मध्येच ट्रे फिरलेला बघितलाय त्यांना कळेल, एकदा तार तुटली की पुन्हा जमायला वीस मिनिटं जातात. आणि घरातल्या घरात असल्यामुळे सरांच्या आईंची औषधं, त्यांचं अकरा वाजताचं खाणं हे असतंच, ते पण त्या मुलांनी एकदा विचारून घेतलं आणि आजींना वेळेवर खोलीत नेऊन दिलं. आजी आता त्यांनाच विचारतात पुढची मीटिंग कधी.

वेळ पाळतात का, तर हो, आणि मला याची किंमत जास्त आहे. संध्याकाळी जेवण असलं तर आम्ही पान आठला वाढायचं, पावणेनऊला आटपायचं आणि साडेनऊच्या आत शेवटची कॅब गेटबाहेर, असा नियमच केलाय. टीममधल्या मुली कोणी वाकडला, कोणी हडपसरला, एक जण भोसरीला राहते. कोथरूडहून हडपसर म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात आहे की रात्री साडेनऊनंतर बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती पाहिजे आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने केली पाहिजे. सरांच्या घरचं जेवण हे काम की नाही यावर कोणी वाद घालेल, मी घालत नाही, बॉसने बोलवलंय म्हणून आलेत ना, मग कॅब कंपनीचीच. तसंच २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, त्यातही कामाच्या निमित्ताने माणूस जिथे जातो ती प्रत्येक जागा कामाचीच जागा धरली जाते, म्हणजे बॉसचा हॉल आणि गच्ची पण. हे मी दर वेळच्या निमंत्रणाच्या मेलमध्ये दोन ओळीत लिहिते, अशा तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीच्या मेंबरचे नंबर खाली देते, आणि येणं ऐच्छिक आहे हेही लिहिते. नुसतं लिहून भागत नाही म्हणून न येणाऱ्याला सोमवारी कोणी का नाही आलास विचारायचं नाही हे सरांशी बोलून ठरवलंय. दारू ठेवत नाही. आमचे फ्रेशर बावीस-तेवीसचे आहेत आणि महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी पंचवीस पूर्ण लागतात, त्यामुळे तो विषयच नको. हे सगळं केटरिंगच्या रिव्ह्यूत कशाला असं कोणाला वाटेल, पण जेवण तासभर उशिरा आलं की हे सगळं वेळापत्रक कोसळतं. आधीचा एक मोठा केटरर सव्वानऊला पोचला होता, चांदणी चौकात अडकलो म्हणाला, आणि मुली अर्धपोटी उठून कॅबमध्ये बसल्या. काकूंचा टेंपो नेहमी तासभर आधी खाली उभा असतो.

सोसायटीवाल्यांसाठी टीप, गेटच्या अ‍ॅपवर वाढप्यांची नावं आणि टेंपोचा नंबर आदल्या दिवशी टाकून ठेवा, नाहीतर वॉचमन एकेकाला फोन लावत बसतो आणि मसालेभात पार्किंगमध्ये गार होतो. सामानाची लिफ्ट वेगळी असेल तर कमिटीला आधी विचारा. म्युझिक लावणार असाल तर रात्री दहाच्या आत बंद, शेजारी कितीही चांगले असले तरी.

आता पैसे. वरचा पुणेरी बेत माणशी साडेतीनशे, श्रीखंड-आमरस असेल तर चारशेच्या आसपास, दर वाढप्यामागे आठशे वेगळे, टेंपो वेगळा. नुसत्या जेवणाचा दर बघितला तर याहून स्वस्त कोथरूडमध्येच मिळेल. पण वाढप्यांचे पैसे वेगळे दाखवतात हे मला बरोबर वाटतं, ते कष्ट दिसले पाहिजेत बिलात. मी विचारलं होतं, ते पैसे त्या मुलांना पूर्ण मिळतात, काकू त्यातून कापत नाहीत, आणि सगळ्यांची पानं झाल्यावर त्यांची पानं बसून वाढलेली असतात, उरलंसुरलं उभ्याने असं नाही. आम्ही वर टीप देतो, तुम्हीही द्या. मापही सढळ आहे, वीसची ऑर्डर असेल तर चोवीस-पंचवीस आरामात जेवतात, उरलेलं डब्यात भरून वॉचमन आणि सफाईवाल्या मावशींना देतो, त्यासाठीचे डबे मात्र आपण ठेवायचे.

त्रास सांगायचे तर फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दोन-दोन दिवस नाही, दुपारी जेवणं आटोपल्यावर फोन केला तरच बोलणं होतं. तोंडी सांगितलेला बदल एकदा विसरल्या होत्या, कढी सांगितली आणि आमटी आली, तेव्हापासून मी फोन झाल्यावर सगळं टाइप करून पाठवते, त्या उत्तर देत नाहीत पण वाचतात. चमचे कायम कमी पडतात, का ते देवाला माहीत, घरचे डझनभर काढून ठेवा. पंधराच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. गौरी-गणपतीत मिळणारच नाहीत, पितृपक्षात त्यांच्या ठरलेल्या घरांची श्राद्धाची जेवणं असतात, आणि लग्नसराईतले रविवार आधीच भरलेले. डिसेंबरच्या इयर-एंडसाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच तारीख धरा, निम्मे पैसे तेव्हा द्यावे लागतात, आणि तीन दिवस आधीपर्यंत माणसं कमी केली तर तेवढे वळते करतात, नंतर नाही.

आणि तुमच्या टीममध्ये कोणाला काय चालत नाही ती यादी आधी करा, मगच काकूंना फोन लावा, कारण पहिला प्रश्न तोच येतो आणि "विचारून सांगते" म्हटलं की त्या फोन ठेवतात.